मूल घरी एकटे राहत असेल किंवा न सांगता घरातून निघून गेले, तर आईवडिलांची कायदेशीर जबाबदारी किती?

प्रश्न: भांडुपची आई

नमस्कार. आम्ही नवरा-बायको दोघेही नोकरी करतो. माझे कार्यालय फोर्टला आहे, यजमान तळोज्याच्या एका कारखान्यात आहेत आणि त्यांना पाळ्या असतात. मुलगी पंधरा वर्षांची असून यंदा दहावीला आहे, मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत आहे. सासूबाई आमच्याकडे होत्या तोवर दुपारचा प्रश्न कधी उभा राहिला नाही, पण गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या आता साताऱ्याला थोरल्या दिरांकडे राहतात. मुलाची शाळा सकाळची असल्याने तो एक वाजता घरी येतो. मुलगी शाळा आणि क्लास आटोपून साडेपाचच्या सुमारास येते आणि मला घरी पोचायला सात वाजतात. म्हणजे शाळेच्या दिवशी चार-साडेचार तास तो घरात एकटा असतो. जेवण मी सकाळीच झाकून ठेवते, पाइप गॅसचा कॉक बंद करून निघते, सर्व खिडक्यांना ग्रिल आहे आणि शेजारच्या काकूंकडे दुसरी किल्ली असते.

गेल्या महिन्यात सेफ्टी डोअरचा लॅच आतून अडकला. मुलाला तो उघडता येईना, तो घाबरून रडू लागला, वॉचमन आणि मजल्यावरची माणसे जमली, आणि शेवटी सुताराला बोलावून दार उघडावे लागले. मुलाला काहीही झाले नाही. परंतु त्यानंतर संस्थेच्या सचिवांनी आम्हाला लेखी पत्र दिले की बारा वर्षांखालील मुलाला घरी एकटे ठेवणे हा गुन्हा आहे, संस्था त्याची जबाबदारी घेणार नाही, आणि पुन्हा असा प्रकार घडल्यास पोलिसांना कळवले जाईल. असा वयाचा नियम खरोखर आहे काय? उद्या काही अपघात झालाच, तर आमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो काय?

याला जोडूनच दुसरी गोष्ट विचारते. अभ्यासावरून वाद झाला की मुलगी अलीकडे "मी परळला मावशीकडे निघून जाईन" असे म्हणते. ती रागाच्या भरात बोलते हे मला समजते, तरी मनात भीती राहतेच. ती खरेच न सांगता गेली, तर कायद्याच्या दृष्टीने आम्ही तातडीने काय केले पाहिजे, आणि तिला ठेवून घेणारी माझी बहीण अडचणीत येईल काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: वकील, दादर

ताई, सचिवांनी लिहिलेला बारा वर्षांचा आकडा कोठून आला असावा याचा अंदाज बांधता येतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ मध्ये असे म्हटले आहे की बारा वर्षांखालील मुलाचे आई-वडील, किंवा ज्याच्याकडे त्या मुलाची देखभाल सोपवलेली आहे अशी व्यक्ती, त्या मुलाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडून गेली, तर तिला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम ३१७ होते आणि १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाल्यावर ते ९३ झाले. या गुन्ह्याचा सगळा भार हेतूवर आहे. अर्भकाला रेल्वेच्या फलाटावर ठेवून निघून जाणारी व्यक्ती या कलमाखाली येते. मुलाचे जेवण झाकून, शेजारी किल्ली ठेवून कामावर जाणारी आणि संध्याकाळी परत येणारी आई येत नाही. मुलाला अमुक वयाच्या आत घरी एकटे ठेवता येणार नाही, असे वय ठरवून देणारा कायदा आपल्या देशात नाही, आणि सचिवांच्या पत्रातील ते वाक्य चुकीचे आहे.

मात्र वयाची अट नाही म्हणजे जबाबदारीही नाही, असा अर्थ कोणी काढू नये. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, मूल ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली आहे अशा व्यक्तीने त्या मुलाला मारहाण केली, त्याचा छळ केला, त्याला टाकून दिले, धोक्यात सोडले किंवा त्याची हेतुपुरस्सर हेळसांड केली, आणि ते अशा रीतीने केले की मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना व्हाव्यात, तर तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे मूल म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली कोणतीही व्यक्ती, त्यामुळे दहावीतील आपली मुलगीही या संरक्षणात येते. हे कलम वाचताना 'हेतुपुरस्सर' आणि 'यातना' या दोन्ही गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. चार वर्षांच्या मुलाला कोंडून दोन दिवस गावी जाणे, तापाने फणफणलेल्या मुलाला औषधाविना ठेवून निघून जाणे, मुलाला भीतीने रात्र काढावी लागते हे ठाऊक असूनही पुन्हापुन्हा तेच करणे, ही हेळसांड ठरू शकते. याच कलमाला जोडलेल्या परंतुकात, जन्मदात्या आई-वडिलांकडून त्यांच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मुलाचा त्याग घडला असेल, तर तो हेतुपुरस्सर नव्हता असे गृहीत धरावे, अशीही तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांना अडचणीतील आई-वडील आणि बेफिकीर आई-वडील यांच्यातील फरक ठाऊक होता, हे त्यावरून दिसते.

अपघाताबद्दल आपण विचारले आहे, तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निष्काळजीपणाच्या कृतीने दुसऱ्याचा जीव धोक्यात आणणे हा संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास कलम १०६ लागू होऊन पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आई-वडील या कलमांतून वगळलेले नाहीत. परंतु वाईट घडले एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. सर्वसाधारण समज असलेल्या पालकाला तो धोका आधी दिसायला हवा होता काय, आणि दिसल्यावर त्याने काय केले, हे पाहिले जाते. म्हणून मी आपणास आग्रहाने सांगतो की लॅच अडकण्याची घटना ही आता आपल्याला दिसलेला धोका आहे. पहिल्या वेळी तो निव्वळ अपघात होता, पण तोच लॅच तसाच ठेवून दुसऱ्या वेळी काही झाले, तर प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला जाईल. लॅच आजच्या आज बदलून घ्या आणि सुताराची पावती जपून ठेवा. मुलाला बाहेरून कुलूप लावून कोंडणे तर कोणत्याही कारणाने करू नका, कारण आग किंवा धूर झाल्यास त्याला बाहेर पडता येत नाही. आपल्या शहरात कितीतरी घरांत हे सर्रास केले जाते आणि ते मला अत्यंत धोक्याचे वाटते. वरच्या मजल्यावरील ग्रिल नसलेली खिडकी आणि तिच्याशेजारी ठेवलेला पलंग किंवा टेबल यांबाबतही हेच लागू आहे.

एका बाबतीत मात्र कायदा पालकांना दोषी गृहीत धरूनच पुढे जातो, आणि दहावी-अकरावीच्या मुलांच्या पालकांना ती ठाऊक असावी. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली घातलेल्या कलम १९९अ नुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना या कायद्याखालील गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. वाहन त्याच्या संमतीनेच वापरले गेले असे न्यायालय गृहीत धरते, आणि आपल्या नकळत किंवा आपण पुरेशी काळजी घेऊनही ते घडले हे सिद्ध करण्याचा भार पालकावर येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी आहे, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. मुले दुपारी घरी एकटी असतील, तर स्कूटरची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकवून ठेवू नये, एवढेच सांगतो. याउलट, मुलाने खेळताना शेजाऱ्याच्या गाडीची काच फोडली, तर केवळ तो आपला मुलगा आहे म्हणून भरपाईचा कायदेशीर भार आपल्यावर येत नाही, तर आपला स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. शेजारधर्म म्हणून भरपाई देणे ही गोष्ट वेगळी.

आता मुलीविषयी. ती न सांगता गेली, तर मावशीला आणि तिच्या मैत्रिणींना फोन करण्यापुरता वेळ घ्या, आणि त्यातून ठावठिकाणा लागला नाही तर लगेच पोलीस ठाण्यात जा. चोवीस तास वाट पाहावी लागते हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर स्पष्ट निर्देश दिले की मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीचा प्राथमिक माहिती अहवाल, म्हणजे आपण ज्याला एफआयआर म्हणतो तो, नोंदवलाच पाहिजे, आणि मुलाचे अपहरण किंवा तस्करी झाली असावी असे प्रथमदर्शनी गृहीत धरून तपास सुरू केला पाहिजे. त्यामुळे अहवालात अपहरणाचे कलम पाहून आई-वडिलांनी घाबरून जाऊ नये. ते कोणावर आरोप म्हणून नसते, तपासाला पहिल्या तासापासून बळ मिळावे म्हणून असते. आपल्या हद्दीचा प्रश्न नाही असे सांगून कोणी परत पाठवू लागले, तर घटना कोणत्याही हद्दीतली असली तरी माहिती नोंदवून घेण्याचे बंधन नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने घातले आहे, याची आठवण करून द्यावी. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याशी बोलण्याचा आग्रह धरावा. चार महिन्यांत मुलाचा शोध लागला नाही, तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक पथकाकडे सोपवायचा असतो.

मावशीबद्दल सांगायचे, तर पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला त्यांच्या ताब्यातून नेणे किंवा फूस लावून नेणे हा अपहरणाचा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तथापि एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या १९६४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने भेद केला आहे. मुलीला नेण्यात किंवा तिने घर सोडावे यासाठी आरोपीचा काही सक्रिय वाटा होता काय हे पाहिले पाहिजे, आणि समज आलेली मुलगी आपण होऊन आली असताना तिला सोबत येऊ देणे म्हणजे नेणे नव्हे, असे त्यात म्हटले आहे. आपली मुलगी स्वतःहून रेल्वेने परळला गेली आणि मावशीने दार उघडले, तर मावशीचा काही गुन्हा होत नाही. तिने एवढेच करावे की मुलीला आत घेतल्याबरोबर आपणास फोन करावा आणि त्याचा संदेशही पाठवावा. मुलीने "आईला सांगू नकोस" अशी शपथ घातली तरी कळवावेच. मुलीच्या बाजूने पाहिले, तर घर सोडून जाणे हा तिचा गुन्हा नाही, आणि पोलिसांनीही तिला आरोपीसारखे वागवणे अपेक्षित नाही.

उत्तर: बालकांसाठी काम करणारी समाजसेविका

वकीलसाहेबांनी कायदा नीट मांडला आहे. प्रत्यक्षात तक्रार झाल्यावर काय घडते याविषयी लिहिते, कारण बहुतेक आई-वडिलांना भीती वाटते ती मूल काढून नेले जाईल याची.

बाल न्याय अधिनियमात 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल' अशी एक व्याख्या आहे. ज्याची देखभाल करणाऱ्यानेच हेळसांड केली असे मूल, ज्याचे पालक त्याचा सांभाळ करण्यास असमर्थ ठरले आहेत असे मूल, आणि हरवलेले किंवा पळून आलेले मूल, ही सगळी त्या व्याख्येत येतात. अशा मुलाला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बालकल्याण समितीपुढे हजर करायचे असते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समिती आधी मुलाशी बोलते, घरची चौकशी करण्यास सांगते, आणि सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत मागवते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा मार्ग समजावा आणि मूल शक्यतो आपल्या कुटुंबातच वाढावे, हे कायद्याच्या कलम ३ मध्ये तत्त्व म्हणूनच लिहिलेले आहे. एका सोसायटीच्या पत्रावरून कोणाचे मूल बालगृहात जात नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.

घरभेटीला गेल्यावर मी दाराच्या वरच्या कडीपर्यंत मुलाचा हात पोचतो की नाही ते पाहते. नंतर मुलालाच विचारते की आईचा फोन लागला नाही तर तू कोणाचे दार वाजवशील. ज्या घरात मूल लगेच "बाजूच्या मोठ्या आईचे" असे म्हणते, आणि कपाटाच्या आतल्या बाजूला खडूने मोठ्या आकड्यांत नंबर लिहिलेले दाखवते, त्या घराविषयी मला फारशी काळजी वाटत नाही, मग ते घर दहा बाय दहाचे का असेना. उलट सगळ्या खोल्यांत कॅमेरे बसवलेल्या घरातील मुलाने खांदे उडवून "माहीत नाही" म्हटलेले मी ऐकले आहे. कॅमेऱ्यात आईला मूल दिसते, पण मुलाला हाकेच्या अंतरावर माणूस लागते. ताई, आपल्या मुलाला १०९८ हा क्रमांक पाठ करून घ्या. ही सेवा १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. आता ती शासनाकडे असून ११२ शी जोडलेली आहे, आणि मूल स्वतःही तिथे फोन करू शकते.

आता जे लिहिते त्यावर माझा विशेष जीव आहे. सचिवांच्या अशा पत्रांमुळे पुष्कळ घरांत तोडगा असा निघतो की मोठ्या बहिणीने क्लास सोडावा आणि लवकर घरी यावे. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत तर अकरा-बारा वर्षांच्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळेतूनच काढलेल्या असतात, आणि त्याबद्दल कोणीही पत्र लिहीत नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १० नुसार सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, आणि राज्यघटनेच्या कलम ५१क मध्येही २००२ च्या दुरुस्तीने ते मूलभूत कर्तव्य म्हणून घातले गेले आहे. मूल एकटे राहू नये म्हणून दुसऱ्या मुलाचे बालपण खर्ची घालणे ही सोय नव्हे. आपली मुलगी दहावीत आहे आणि तिच्या रागामागे हे ओझे तर नाही ना, हे तिला शांतपणे, वाद नसताना, विचारून पाहावे. ती मावशीचे नाव घेते याचा अर्थ तिच्या मनात जाण्यासाठी एक सुरक्षित घर आहे. ज्या मुलांना असे घर नसते ती दादर, कुर्ला टर्मिनस किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर सापडतात. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान अशा मुलांना हेरून ताब्यात घेतात आणि पुढे ती समितीपुढे येतात. त्यांच्याशी बोलताना बहुधा एकच गोष्ट कानावर पडते, की घरी विश्वासाने सांगावे असे कोणी नव्हते.

मूल हरवल्यावर त्याचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर पाठवले जाते ते समजण्यासारखे आहे. मात्र मूल सापडल्याबरोबर ते सर्वांना काढून टाकण्यास सांगावे. समितीपुढे आलेल्या मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, आणि असे छायाचित्र वर्षानुवर्षे फिरत राहिले तर त्या मुलीला शाळेत तोंड दाखवणे कठीण होते.

उत्तर: मुलुंडचे आजोबा

"परदेशात तर लगेच अटक करतात" असे आपल्याकडे नेहमी ऐकवले जाते, म्हणून माहिती देतो. माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तेथेही मुलाला घरी एकटे ठेवण्याचे किमान वय कायद्याने ठरवलेले नाही. सोळा वर्षांखालील मुलाची अशा रीतीने हेळसांड केली की त्याला इजा पोचण्याचा संभव आहे, तर १९३३ च्या कायद्याखाली शिक्षा होते. बारा वर्षांखालील मुलाला जास्त वेळ आणि सोळा वर्षांखालील मुलाला रात्रभर एकटे ठेवू नये, असा सल्ला तेथील बालसंरक्षण संस्था देतात, पण तो सल्ला आहे, कायदा नव्हे. थोडक्यात, त्यांच्याकडेही आई-वडिलांनी विवेकाने ठरवावे अशीच अपेक्षा आहे.

आमच्या इमारतीत आम्ही सहा-सात निवृत्त मंडळींनी दुपारच्या पाळ्या वाटून घेतल्या आहेत. शाळेतून येणारी मुले आधी तळमजल्यावरच्या कार्यालयात येऊन वहीत नाव लिहितात आणि मग घरी जातात. एखादे मूल अर्ध्या तासात आले नाही, तर आम्ही आई-वडिलांना फोन करतो. आपल्या सचिवांना पत्र लिहिण्यापेक्षा असे काही करता आले असते, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न: एकल पालक, बोरिवली

माझा प्रश्न याच विषयाला लागून आहे. घटस्फोटाचा दावा वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात चालू आहे आणि माझी आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे असते. मी नोकरीवर असताना ती दुपारी दोन तास एकटी असते, हा मुद्दा समोरच्या बाजूने ताब्याच्या अर्जात घेतला आहे. एवढ्यावरून मुलीचा ताबा जाऊ शकतो काय?

उत्तर: वकील, दादर

एवढ्यावरून जाणार नाही, परंतु हा मुद्दा हलकाही समजू नका. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ नुसार मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार असतो, आणि १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमातही मुलाचे वय, लिंग, पालकाचा स्वभाव, आणि मूल पुरेसे समजदार असल्यास त्याची इच्छा, या गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. आई नोकरी करते हा तिचा दोष मानता येत नाही. न्यायालय समोरच्या पालकालाही विचारेल की तुम्ही कामावर असताना मुलगी कोणाजवळ राहणार आहे. त्याच्याकडे आजी असेल आणि आपल्याकडे काहीच उत्तर नसेल, तर फरक पडू शकतो. म्हणून त्या दोन तासांसाठी जवळचे पाळणाघर, शेजारी किंवा नातेवाईक अशी ठरलेली व्यवस्था करून तिचा तपशील, पाळणाघराच्या पावत्यांसह, आपल्या प्रतिज्ञापत्रात द्या. आपल्या आस्थापनेत पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन मालकावर आहे, ते मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने घातले गेले. आठ वर्षांच्या मुलीला त्याचा उपयोग होईलच असे नाही, पण लहान मुले असलेल्या वाचकांनी आपल्या कार्यालयात ते अवश्य विचारावे.

प्रतिसाद: भांडुपची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लॅच बदलून घेतला आहे. आता बाहेरच्या किल्लीने तो उघडतो आणि आतल्या कडीचा वापर मुलाने करायचा नाही असे ठरवले आहे. काकूंशीही बोलले. शाळेतून आल्यावर तो आधी त्यांच्याकडे दप्तर टेकवून, पाणी पिऊन मग घरी जाईल आणि साडेतीनला त्या एकदा डोकावतील. मुलीशी रविवारी निवांत बोलणे झाले. दुपारी क्लासमध्ये बसलेली असताना भावाचे फोन येतात आणि तिचे लक्ष उडते, हे ती मला पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलली. आता त्याने आधी काकूंना आणि मग मला फोन करायचा, ताईला नाही, असे ठरले आहे.

दोन शंका राहिल्या. सचिवांच्या पत्राला उत्तर द्यावे की गप्प बसावे? आणि मार्चअखेरीस मला कार्यालयात उशिरापर्यंत थांबावे लागते व त्याच सुमारास यजमानांची रात्रपाळी असते. त्या दिवसांत दोन्ही मुले रात्री नऊ-दहापर्यंत एकत्र घरी राहिली, तर चालेल काय?

उत्तर: वकील, दादर

उत्तर अवश्य द्या, लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तरात रागाचा शब्द नसावा, कारण पुढे कधी गरज पडली तर हेच पत्र आपण वेळीच काय केले याचा पुरावा ठरेल. साधारण असे लिहावे:

"आपले पत्र मिळाले. आमच्या मुलाबद्दल दाखवलेल्या काळजीबद्दल आभारी आहोत. मुलाला घरी एकटे ठेवण्यासाठी कायद्याने किमान वय ठरवलेले नाही, आणि आपल्या पत्रातील तसा उल्लेख वस्तुस्थितीला धरून नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणतो. घटनेनंतर दाराचा लॅच बदलला आहे. दुपारच्या वेळेत शेजारील सदनिकेतील व्यक्ती मुलाकडे लक्ष देते आणि तिच्याकडे आमच्या घराची किल्ली असते. आमचे दोघांचे व आणखी एका नातेवाइकाचे फोन क्रमांक सोबत देत आहोत. ते वॉचमनच्या वहीत नोंदवून ठेवावेत आणि मुलाविषयी काहीही वेगळे आढळल्यास आम्हाला तत्काळ कळवावे, ही विनंती."

पोलिसांना कळवण्याचा अधिकार सचिवांना इतर नागरिकांइतकाच आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. उद्या खरोखरच एखाद्या घरात मुलाचा छळ होत असेल, तर शेजाऱ्यांनी कळवायलाच हवे. मात्र एखाद्या सभासदाला आपल्या घरी मुले कशी सांभाळावीत याचे आदेश देण्याचा अधिकार गृहनिर्माण संस्थेच्या समितीला नाही.

रात्रीबद्दल माझे मत वेगळे आहे. पंधरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा रात्री दहापर्यंत घरी असणे हा आपोआप गुन्हा होत नाही. परंतु रात्री काकू झोपलेल्या असतील, जिने ओस पडलेले असतील, आणि दोन्ही पालक तळोजा व फोर्ट एवढ्या अंतरावर असताना लोकल अडकली तर आपण मध्यरात्रीपर्यंतही पोचू शकणार नाही. आधी दिसणारा धोका म्हणतात तो हाच. यजमानांना त्या आठवड्यात पाळी बदलून मागता येत नसेल, तर परळच्या बहिणीला तेवढे दिवस आपल्याकडे राहायला बोलवा, किंवा मुलांनाच तिच्याकडे पाठवा. कोठे आणि किती दिवस, हे तिला आणि काकूंना एका संदेशात लिहून ठेवा. शाळेलाही दोन ओळी कळवा, म्हणजे मुलाला घ्यायला मावशी आली तर फाटकावर अडचण होणार नाही.